इटली, सिंगापूर आणि ॲस्पिरिनची गोळी: खुलासा

'इटलीत शवविच्छेदन केल्यावर कळलं, कोविड हा विषाणू नाहीच, जिवाणू आहे. रक्तात गुठळ्या होऊन माणसं मरतात. ॲस्पिरिन घ्या, बरे व्हाल.' हा मेसेज २०२० सालचा. २०२१ मध्ये कुणीतरी इटली खोडून सिंगापूर लिहिलं. तिथल्या आरोग्य मंत्रालयाने तो खोटा असल्याचं जाहीर केलं, तरी तो फिरतच राहिला.

गुठळ्यांची गोष्ट मात्र खरी, आणि म्हणूनच बाकीची थाप खपते. गंभीर रुग्णांच्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या सापडल्या आहेत. पण त्यामागे विषाणूच आहे. संसर्गाने रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि रक्त गोठवणारी यंत्रणा चेकाळते. एरवी पायातून सुटून फुप्फुसात अडकणारी गुठळी इथे बरेचदा फुप्फुसातच तयार होते.

राहिली ॲस्पिरिन. ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीत रुग्णालयात दाखल असलेल्या सुमारे १५,००० रुग्णांवर ती तपासली. २८ दिवसांतले मृत्यू गोळी दिलेल्यांत १७ टक्के, न दिलेल्यांतही १७ टक्के. हेपॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या दुसऱ्या औषधाच्या पूर्ण मात्रेचा फायदा मध्यम आजारी रुग्णांत दिसला, आयसीयूतल्या अत्यवस्थ रुग्णांत नाही. शिवाय रक्त पातळ करणाऱ्या औषधांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, त्यामुळे ती डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नयेत.