मायक्रोवेव्हवरचं स्टिकर

२०२५ च्या फेब्रुवारीत आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात चौथ्या मजल्यावरची सहा पोस्टरं उतरवली. वेगवेगळ्या रंगाचे हात एकमेकांत गुंफलेले, खाली 'ब्रिंग युअर होल सेल्फ टू वर्क' असलं काहीतरी. हाउसकीपिंगच्या मावशींनी विचारलं, "मॅडम, टाकून देऊ का?" मी म्हटलं, ठेवा स्टोअरमध्ये, परत लागतील. त्या म्हणाल्या, "कागद चांगला हाय, पोरांच्या पुस्तकांना कव्हर होतील." म्हटलं, मग न्याच.

पोस्ट लांब होणार आहे. वेळ असेल तरच वाचा.

मी एकवीस वर्षं एचआरमध्ये आहे. आमचा मोठा क्लायंट अमेरिकेतला. २५ मे २०२० ला मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा जीव गेला, तिकडे लोक रस्त्यावर उतरले, आणि काही महिन्यांत वर्णभेदाविरुद्धचं एक चाळीस मिनिटांचं ट्रेनिंग मॉड्यूल आमच्यापर्यंत पोचलं. व्हेंडरच्या, म्हणजे आमच्या, प्रत्येक माणसानं ते करायचं, शेवटी दहा प्रश्न, पास झालं की सर्टिफिकेट. त्यातला एक प्रश्न मला पाठ आहे. मीटिंगमध्ये एक सहकारी कृष्णवर्णीय सहकारिणीच्या केसांना न विचारता हात लावतो, तुम्ही काय कराल? लातूर, सांगली, इंदूर, विजयवाडा इथल्या आमच्या पोरापोरींनी अगदी बरोबर उत्तरं दिली. झाडून सगळे पास. सर्टिफिकेटं मीच पाठवली. मग सगळे खाली जेवायला गेले. खाली दोन मायक्रोवेव्ह आहेत. एकावर हिरवं स्टिकर आहे, 'ओन्ली व्हेज'.

ते स्टिकर कोणी लावलं ते आजतागायत कोणाला माहीत नाही. ॲडमिनला विचारलं, ते म्हणाले आम्ही नाही. पण ते पाळलं मात्र कडक जातं. मॉड्यूलपेक्षा कडक.

मग जानेवारी २०२५ आला. ट्रम्प यांनी शपथ घेतली त्याच दिवशी सरकारी खात्यांतले डायव्हर्सिटीचे कार्यक्रम बंद करायचा आदेश काढला. दुसऱ्या दिवशीच्या आदेशानं सरकारी कंत्राटं घेणाऱ्या कंपन्यांवरचं १९६५ पासूनचं समान संधीचं बंधनच रद्द केलं. क्लायंटचा मेल दोन ओळींचा होता. मॉड्यूल बंद, पानं वेबसाइटवरून काढलेली आहेत, आपणही काढावीत. आम्ही काढली. क्लायंटनं मागितलं म्हणून आणलेलं, क्लायंटनं नको म्हटलं म्हणून गेलं. कोणी हळहळलंही नाही. मॉड्यूलमधलं शिकवणं वाईट नव्हतं, पण ते आमचं कधी झालंच नव्हतं.

गंमत बघा, त्याच आठवड्यात आमची लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती नेहमीसारखी बसली. रॅम्प जागेवर राहिला. पाळणाघर चालू राहिलं. कारण पहिली २०१३ च्या कायद्यात आहे, दुसरा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, आणि तिसरं तेव्हा २०१७ च्या मातृत्व कायद्याच्या दुरुस्तीत होतं (नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत), पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला सक्तीचं. वॉशिंग्टनमध्ये कोणीही येवो, ह्या तिन्हीला हात लागत नाही. कायद्यातलं टिकलं, पोस्टरवरचं मावशींच्या घरी गेलं.

आणि जात? ती मॉड्यूलमध्येही नव्हती आणि आमच्या हँडबुकातही नव्हती. सरकारी नोकरीतल्यासारखं खाजगी नोकरीत आरक्षणाचं बंधन नाही. २००६-०७ च्या सुमारास उद्योगांच्या संघटनांनी स्वतःहून आचारसंहिता केल्या, आम्ही संधी देऊ म्हणून. माझ्या अख्ख्या नोकरीत मला कोणी त्याबद्दल एक ओळ विचारलेली नाही. तिकडे मात्र बॉस्टनजवळच्या ब्रँडाइस विद्यापीठानं २०१९ मध्ये जातीवरून भेदभाव करायचा नाही असं नियमात लिहिलं, कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीनं २०२२ मध्ये, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहरानं त्याचा कायदाच केला. म्हणजे आपल्या गावची जात सिएटलच्या कायद्यात पोचली, पण हिंजवडीच्या हँडबुकात पोचली नाही. तिथे ती पोचवली कोणी? आपल्याच लोकांनी. इथून जाताना सामानात नेली असणार.

"आमच्याकडे फक्त टॅलेंट बघतो" हे वाक्य मी स्वतः कॉलेजांत जाऊन शेकडो वेळा म्हटलंय. मग भरती कशी होते ते सांगते. मोठा हिस्सा रेफरलचा. आधीच आत असलेला माणूस आपल्या ओळखीच्याचा सीव्ही पाठवतो, तो लागला की पाठवणाऱ्याला बोनस. ओळखीचा म्हणजे कोण? कॉलेजच्या ग्रुपवरचा, सोसायटीतला, मावसभावाचा मित्र. गावाकडे याला पावणेरावळे म्हणतात. इथे एम्प्लॉयी रेफरल प्रोग्रॅम म्हणतात. ज्याच्या घराण्यातलं अजून कोणीच आत गेलं नाही, त्याला पाठवणार कोण?

आणि नुसता अर्ज टाकला तर? सुखदेव थोरात हे आपल्या अमरावती जिल्ह्यातले, पुढे यूजीसीचे अध्यक्ष झाले. त्यांनी आणि पॉल अटवेल यांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवून पाहिले, फरक फक्त नावाचा. उच्चवर्णीय हिंदू नाव, दलित नाव, मुस्लिम नाव. २००७ मध्ये निकाल छापून आला. उच्चवर्णीय नावाला बोलावणं येण्याची शक्यता एक धरली, तर दलित नावाची साधारण दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाची एक-तृतीयांश. सगळे पदवीधर, कागदावर तोडीस तोड. मुलाखत तर अजून झालीच नव्हती.

मला हे वाचून धक्का बसला असं म्हणाले तर खोटं होईल. सीव्ही चाळताना माझा डोळा कुठे थांबतो, ते मला माहीत आहे.

आता माझीच गोष्ट. २०१७ ची. नांदेडकडचा एक मुलगा टेस्टिंगमध्ये रुजू झाला. फॉर्मवर स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव, आडनाव नाही. आमच्या सिस्टिममध्ये लास्ट नेमचा रकाना सक्तीचा. मी हसत म्हटलं, "आडनाव काय? लपवताय की काय?" त्यानं सांगितलं. ते आडनाव मराठ्यांतही आहे आणि बौद्धांतही. तर मी काय केलं? म्हटलं, "अरे वा, म्हणजे आमच्यातलेच का?" आपुलकीनं बरं का. साताऱ्याकडच्या माणसाला हा प्रश्न हवापाण्याच्या गप्पांसारखा वाटतो. तो म्हणाला, "नाही मॅडम." मी मान डोलावली आणि पुढचा रकाना भरला.

दीड वर्षानं त्यानं राजीनामा दिला. कारण, करिअर ग्रोथ. सगळेच तेच लिहितात. २०२३ मध्ये त्याच्या नव्या कंपनीच्या कसल्याशा व्हेरिफिकेशनसाठी त्याचा फोन आला, काम झालं, आणि मी सहज म्हटलं, तेव्हा इतक्या लवकर का गेलास रे? थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी तुमच्या शेजारच्या खुर्च्यांवर माझ्याच टीमचे दोघं बसले होते. कोणी वाईट वागलं नाही हां. जेवायला बरोबरच बसायचे. फक्त माझ्या डब्यातली भाजी घ्यायचं थांबलं."

यावर तक्रार कशी नोंदवणार, सांगा. कुठल्या फॉर्मवर? "भाजी घेतली नाही" याला कुठलं कलम लावणार? मी सॉरी म्हटलं. तो म्हणाला, जाऊ द्या मॅडम. मला त्या "जाऊ द्या"चं जास्त लागलं.

म्हणून "जात विचारली की जातीयवाद वाढतो" असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. विचारतोच आहोत की आपण. आडनावातून, गावात घर कुठल्या बाजूला यावरून, एप्रिलमध्ये तुमच्याकडे काय असतं यावरून. इंजिनिअरिंग कॉलेजात "रँक किती होती?" असं विचारतात, तेव्हा आकडा हवा असतो का खरंच? सगळीकडे विचारतो, फक्त जिथे त्याचा हिशोब लागेल तिथे विचारत नाही. (इंफाळच्या आणि आयझॉलच्या मुलींना ऑफिसबाहेर काय हाका मारतात, आणि 'कल्चर फिट' नाही म्हणून कोणाला नाकारतात, त्यावर पुन्हा कधीतरी. तो विषय या पोस्टमध्ये उरकण्यासारखा नाही.)

हिशोब म्हटलं की मला कोल्हापूर आठवतं. शाहू महाराज १८९४ मध्ये गादीच्या कारभारावर आले तेव्हा सामान्य प्रशासनातल्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. हा आकडा आपल्याला आज माहीत आहे, कारण कोणीतरी तेव्हा मोजलं. २६ जुलै १९०२ चा पन्नास टक्के जागांचा हुकूम सगळ्यांना माहीत असतो, स्टेटस ठेवतात लोक. पण त्याच हुकमाचा शेवट कोणी वाचत नाही. प्रत्येक खातेप्रमुखानं हुकूम निघाल्यानंतर केलेल्या नेमणुकांचा तक्ता दर तिमाहीला पाठवायचा, असं त्यात लिहिलंय. दर तिमाहीला! सव्वाशे वर्षांपूर्वी, घोडागाडीच्या काळात. आमच्याकडे क्वार्टरली रिपोर्टमध्ये खुर्च्या किती तुटल्या तेसुद्धा असतं, हे नसतं.

आणि ते नुसते तक्त्यावर थांबले नाहीत. गंगाराम कांबळे हे त्यांच्याच पागेतले नोकर. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, गंगारामना पैसे देऊन भर कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढून दिलं. मग गाडी तिथे थांबवून स्वतः चहा प्यायचे, आणि बरोबरच्यांनाही घ्यायला लावायचे. राजाच्या समोर चहा नाकारणार कोण? मला वाटतं अख्ख्या कोल्हापुरात तो चहा कोणी कोणी नाईलाजानं गिळला असेल, त्यांचे चेहरे बघायला हवे होते.

मी मराठा आहे, हे एव्हाना कळलंच असेल. १९०२ च्या त्या हुकमातल्या 'मागास' वर्गात तेव्हा आम्हीही होतो. म्हणजे त्या तक्त्याचं खाल्लेलं आमच्याही घराण्याच्या अंगाला लागलंय. आजच्या मराठा आरक्षणावर कमेंटमध्ये भांडायला कोणी येणार असेल तर कृपया आज नको.

माझे दादा साताऱ्याच्या रयत शिक्षण संस्थेच्या बोर्डिंगात शिकले. संस्था काढणाऱ्या कर्मवीर अण्णांना, म्हणजे भाऊराव पाटलांना, त्यांनी लांबून पाहिलं होतं; अण्णा गेले १९५९ ला. अण्णांचा किस्सा असा की कोल्हापुरात ते जैन बोर्डिंगात राहत होते, तेव्हा अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले. परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हायला सांगितलं, यांनी नकार दिला, बोर्डिंगातून बाहेर काढले गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी एकेका समाजासाठी वेगवेगळी वसतिगृहं उभी केली होती. त्यावेळी त्याशिवाय कोणी पोरं पाठवलीच नसती. अण्णांनी पुढे साताऱ्यात सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली, एका चुलीवर आणली. पैसे संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोरांच्या जेवणासाठी मंगळसूत्र दिलं. दादा सांगायचे, स्वयंपाकाची पाळी सगळ्यांना. भाकरी करपली तर पाळी कोणाची होती ते विचारायचे, जात नाही. करपलेल्या भाकरीवरून मारामाऱ्या मात्र व्हायच्या, हेही दादाच सांगायचे.

आणि २०२३ मध्ये पवईच्या आयआयटीच्या होस्टेल मेसमध्ये शाकाहारींसाठी राखीव टेबलं झाली. विरोध म्हणून तिथे बसून नॉनव्हेज खाल्लं तर दहा हजार रुपये दंड. देशातली सगळ्यात हुशार पोरं. दादा असते तर त्यांना हे समजावून सांगताना माझी पंचाईत झाली असती. शाकाहारी असण्यात काही वाईट नाही, माझी आई माळकरी होती. पण तिला दुसऱ्याच्या ताटापासून वेगळं टेबल लागत नव्हतं.

तर मी मागच्या दिवाळीनंतर एक प्रस्ताव दिला. कोणाचं नाव नाही, सक्ती नाही, बाहेरच्या संस्थेकडून, फक्त आकडे. कुठल्या सामाजिक प्रवर्गातले किती जण अर्ज करतात, किती मुलाखतीपर्यंत येतात, किती लागतात, किती दोन वर्षांच्या आत सोडतात. दर तिमाहीला. रेफरलनं आलेले वेगळे काढून. सोबत, सिस्टिममधला आडनावाचा रकाना ऐच्छिक करा. आणि तक्रारीच्या फॉर्मवर 'कशावरून' या यादीत जात हा शब्द घाला.

साहेबांनी नीट वाचला. माणूस चांगला आहे, उगाच नाव ठेवणार नाही. म्हणाले, "क्लायंटनं मागितलंय का?"

"नाही."

"मग?"

मी म्हटलं, आपल्याच लोकांसाठी आहे. ते म्हणाले, बघू, लीगलला टाकतो. लीगलमध्ये आहे. आडनावाचा रकाना तेवढा आयटीच्या एका मुलानं ऐच्छिक करून दिला, पाच मिनिटांचं काम होतं. त्याला फार काही सांगावं लागलं नाही. मीही त्याचं आडनाव विचारलं नाही.

मायक्रोवेव्हवरचं स्टिकर मी सोमवारी काढलं. बुधवारी परत लागलं होतं, नवं, चकचकीत. गुरुवारी काढलं. काल संध्याकाळी परत होतं, या वेळी लॅमिनेट करून. नखानं निघेना, मावशी मागून म्हणाल्या, "थांबा मॅडम, गरम पाणी आणते."