अप्पा माजी झाले त्याची गोष्ट

आमचे अप्पा, म्हणजे माझे सख्खे चुलते, गावच्या उत्सव मंडळाचे २१ वर्षं अध्यक्ष होते आणि त्या २१ वर्षांत त्यांचा मला काडीचा त्रास झाला नाही. मीटिंगचा निरोप आला की यांना नेमकं काजूच्या बागेत काम निघायचं, नाहीतर कंबर तरी धरायची. दोन वर्षांपूर्वी पोरांनी नवी कमिटी केली आणि अप्पांना नारळ दिला. म्हणजे खराखुरा पण दिला, सोबत शाल पण दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा माजी अध्यक्ष म्हणून उठले आणि तेव्हापासून मी एक जेवण धड जेवलेलो नाही.

माजी माणसाचं असं असतं की काम संपलेलं असतं, मान संपलेला नसतो, आणि दिवसाचे चोवीस तास मोकळे असतात. सत्यनारायण, नाईट क्रिकेटचं उद्घाटन, भजनाची डबलबारी, दशावतार, कोणाची तरी नवी पिठाची गिरण, अप्पा सगळीकडे हजर. आमंत्रण नसलं तर "कित्याक होया आमंत्रण, मी काय परको आसय?" एकदा तर हळदीकुंकवाला गेले, दोन शब्द बोलले आणि वाण म्हणून प्लास्टिकची चाळण घेऊन आले. आता यांना न्यायचं आणायचं कोणी, तर मी, कारण मी वर्क फ्रॉम होम करतो, म्हणजे अप्पांच्या हिशोबाने घरात रिकामा बसलेला असतो. मी ऑफिसचे कॉल मांडवात बसून घेतलेत. एकदा म्यूट करायला विसरलो तर बेंगळुरूच्या मॅनेजरने अख्खी आरती ऐकली आणि शेवटी नेटवर्क इश्यू आहे का विचारलं.

नारळाचं तर सांगतो. आमच्या मागे माड आहेत, सोललेले नारळ मी बाजारात दुकानात देतो, तीस रुपयाने. आई नारळ सोलताना शेंडी कायम जराशी डावीकडे तिरकी ठेवते, ती तिची सही आहे म्हणा ना. तर सोमवारी दिलेला नारळ गुरुवारी अप्पांच्या सत्कारात श्रीफळ म्हणून परत येतो, शेंडी तिरकी ती तिरकीच, वर कुंकवाचं बोट. आई तो पुन्हा पोत्यात टाकते. एक नारळ माझ्या माहितीत तीन वेळा घरी आलाय, शेवटी आम्ही तो खवून त्याचं वाटण करून टाकलं. शालींचा प्रश्न सुटला, मे महिन्यात आंब्याच्या अढीवर गोणपाटाऐवजी त्याच घालतो. हापूस छान पिकतो, मानाने पिकतो.

इथपर्यंत ठीक होतं हो. पण मुंबईच्या आतेभावाने अप्पांना व्हॉट्सॲपवर केंद्र सरकारचा मानक्रम पाठवला, कोणाचा मान कितवा त्याची यादी. त्यात राष्ट्रपती एक, उपराष्ट्रपती दोन, पंतप्रधान तीन, आपापल्या राज्यात राज्यपाल चार, आणि पाचव्या नंबरवर माजी राष्ट्रपती. सरन्यायाधीशसुद्धा सहाव्यावर. अप्पांनी ते कुडाळला जाऊन लॅमिनेट करून आणलं आणि जाहीर केलं, "हयसून फुडे माका स्टेजवर पाचवी खुर्ची होई." म्हटलं, अप्पा, ते राष्ट्रपतींचं आहे. तर म्हणे, "अमेरिकेत तेकाच राष्ट्राध्यक्ष म्हणतत मां? मगे? अध्यक्ष तो अध्यक्ष." आता आमच्याकडच्या स्टेजवर मुळात खुर्च्या असतात चार. म्हणजे मी शेजारच्या घरातून लाल प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर घेऊन येतोय आणि माईकवरून माझ्याच काकांचं स्वागत चाललंय, हे दृश्य गावाने बारा-पंधरा वेळा तरी पाहिलंय. बरं, मान पाचवा याचा अर्थ डावीकडून मोजून पाचवी खुर्ची असा होत नाही, हे सांगायची माझी तरी छाती नाही.

मी विचार केला की यांना चांगल्या माजींची उदाहरणं द्यावी. कलामसाहेबांचं सांगितलं, २००७ साली राष्ट्रपती भवनातून दोन सुटकेस घेऊन निघाले आणि सरळ पोरांना शिकवायला लागले, २७ जुलै २०१५ ला शिलाँगच्या आयआयएममध्ये लेक्चर देता देताच गेले. अप्पांचे डोळे खरंच पाणावले. मग म्हणाले, "म्हंजे भाषण शेवटापर्यंत सोडूचा नाय." राजेंद्रबाबूंचं सांगितलं, १९६२ ला पद सुटल्यावर पाटण्याच्या सदाकत आश्रमात जाऊन साधेपणाने राहिले. तर, "तेंका आश्रम होतो, माका पडवी आसा, तीय अर्धी तुझ्या स्कूटरीन खाल्ली." मग त्यांनीच विचारलं की माजी राष्ट्रपतींना मिळतं काय. म्हटलं पगाराच्या निम्मी पेन्शन, राहायला घर, आणि सेक्रेटरी वगैरे स्टाफ. अप्पांनी पगाराचा हिशोब केला, शून्याचं निम्मं शून्य, ते त्यांनी मोठ्या मनाने सोडून दिलं. मग "सेक्रेटरी" असं हळूच म्हणून माझ्याकडे बघत राहिले.

इथे तरी मी गप्प बसायचं ना! पण आमचा मागचा दगडी गडगा पावसाने ढासळलाय तो कोणीतरी रचावा म्हणून मी अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टरचं सांगायला गेलो. २०१९ साली, वय ९५, घरात पडले, कपाळाला १४ टाके पडले, आणि दुसऱ्या दिवशी तोच सुजलेला काळानिळा डोळा घेऊन नॅशव्हिलला गरिबांची घरं बांधायला हजर. गडग्याचा विषय अप्पांनी अजिबात काढला नाही. "आणखी कोण आसा?" म्हणाले. आणि मी, माझी जीभ झडली नाही तेव्हा, थोरल्या बुशचं सांगून बसलो.

हा बुश म्हणजे पोराच्या आधी राष्ट्राध्यक्ष झालेला तो बाप बुश. १९४४ साली विशीतला नेव्हीचा पायलट असताना जपानजवळ त्याचं विमान पाडलं होतं, तेव्हा जीव वाचवायला पॅराशूट घेऊन उडी मारावी लागली होती. पद गेल्यावर या बाबाने तीच उडी हौसेने मारायला सुरुवात केली. पंचाहत्तरी झाली, उडी. ८०, उडी. ८५, उडी. आणि २०१४ ला नव्वदीच्या वाढदिवसाला, पाय चालत नाहीत, व्हीलचेअर, तरी हेलिकॉप्टरातून एका माजी जवानाला बांधून घेऊन उडी, तीसुद्धा अमेरिकेच्या मेन राज्यात, आपल्यासारख्याच समुद्राकडेच्या गावात, चर्चच्या हिरवळीवर उतरला.

अप्पा झोपाळ्यावरून उठून उभे राहिले. "माका ह्या वर्सा कितवा लागता?"

पंचाहत्तरावं लागत होतं. जूनमध्ये. बुशचा पण जूनच. अप्पांच्या मते हा योगायोग नव्हता.

विमान नसलं म्हणून काय झालं, तारकर्ली-मालवणला पॅरासेलिंग आहेच. फक्त त्यांच्या जूनमध्ये ऊन पडतं आणि आपल्या जूनमध्ये समुद्र अंगावर येतो, मेच्या शेवटाला सगळे वॉटर स्पोर्ट्स बंद होतात. मला वाटलं सुटलो. पण अप्पांनी पंचांग काढलं, भटजींना फोन केला, आणि तिथीने वाढदिवस बरोबर मे महिन्यात बसवला. बॅनर छापला. वर अप्पा गॉगल लावून, खाली शुभेच्छुक, त्यात माझं नाव सतरावं, आणि तेही चुकीच्या वेलांटीने.

किनाऱ्यावर मांडव, स्पीकर, पाच खुर्च्या (माझ्या डोक्यावरून), वाडीतली सगळी माणसं, शिवाय पुण्याचे तीन टुरिस्ट ज्यांना हे पॅकेजमध्येच आहे असं वाटत होतं. आधी मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, आज ह्यो अप्पा पंच्याहत्तर वर्साचो झालो!"

"व्हय म्हाराजा!"

"तेका आणखी पंचवीस वर्सा दी!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि भाषणाक पाच मिन्टाच दी!"

"व्हय म्हाराजाऽऽऽ!" हा इतका जोरात आला की पलीकडची कुत्री उठली.

मग अप्पा लाइफ जॅकेट घालून, टोपी काढून, देवाला नमस्कार करून निघाले तर बोटीवरच्या पोराने विचारलं, "वय?" अप्पांनी अभिमानाने सांगितलं. पोराने आधी बोर्डावर बोट ठेवलं, मग बीपीची गोळी घेता काय विचारलं. अप्पांनी बुश काढला, नव्वद काढले, व्हीलचेअर काढली. पोर शांतपणे म्हणाला, "आजोबानू, तेंच्याकडे हेलिकॉप्टर होता, माझ्याकडे रिकामी जबाबदारी आसा." विषय संपला. मला इतकं हलकं वाटलं की मी सोलकढीचा ग्लास हातात घेतला, आणि तेवढ्यात माईकवरून आवाज आला, "माझ्या वतीन माझो सेक्रेटरी उडतलो!"

मला पोहता येत नाही. मला आंब्याच्या झाडावर पण भीती वाटते. पण वाडीने टाळ्या वाजवल्यावर कोकणातल्या माणसाला मागे वळता येत नाही. बोटीवर त्या पोराने मांड्यांत पट्टे अडकवले, व्हिडिओचे वेगळे तीनशे म्हणाला, मी नको म्हणेपर्यंत दोर सुटला होता आणि पाय फळीवरून उचलले गेले. सोलकढी घशापर्यंत येऊन विचार करून परत गेली. पहिला मिनिटभर मी डोळे मिटून आईने सांगितलेले सगळे देव म्हटले, वेतोबा दोनदा झाला.

मग उघडले. एकदम शांत होतं हो वर. सिंधुदुर्ग किल्ल्याचा तट पाण्यात वळवळत गेलेला अख्खा दिसत होता, आम्ही शाळेच्या सहलीला त्यात जाऊन पोहे खाल्ले होते तेव्हा तो असा आहे हे कळलंच नव्हतं. मी जरा रमलो पण. तेवढ्यात वाऱ्यावरून स्पीकर आला, "...ह्या वयात ह्यो निर्णय घेणा सोपा नव्हता, पण मी घेतलंय! वरसून माका माझो गाव दिसता..." मी वर लटकलेला आणि काका माझ्या डोळ्यांनी खाली गाव बघतायत. पाच मिनिटं कधीच होऊन गेली असावीत, कारण मला उतरवताना पोराने दोनदा पाण्यात बुचकळून काढलं तरी भाषण चालूच होतं.

ओला होऊन, खारट होऊन, लटपटत मांडवात आलो. सत्कार अप्पांचा झाला. शाल अप्पांच्या खांद्यावर, नारळ धरायला माझ्या हातात. शेंडी डावीकडे तिरकी.

अप्पांनी मला जवळ ओढलं, माईकवर हात ठेवला आणि कानात विचारलं, "वरसून खुर्ये दिसले मां? माझी कितवी होती?"

"पाचवी," म्हटलं.

समुद्राकडून मोजली तर पहिली होती, पण मी समुद्राकडून होतो हे मी कशाला सांगू.