घर लहान, डिकी मोठी

सांगलीत वेळ घालवायला काही कमी नाही. मार्केट यार्डात जाऊन हळदीच्या दरावर हळहळावं, गणपतीचं दर्शन घ्यावं, भडंगाचा पुडा संपेपर्यंत राजकारण करावं. एवढं करूनही जीव रमत नसेल, तर आलिशान इस्टेट गाड्यांची, म्हणजे सामानासाठी छप्पर पार मागेपर्यंत नेलेल्या गाड्यांची, छोटी मॉडेलं बनवायला घ्या. पैसा, डोळे, कंबर आणि घरातली पत, चारही एकाच टेबलाशी बसून घालवता येतील असा दुसरा छंद माझ्या तरी पाहण्यात नाही.

पहिला प्रश्न, गाडी कोणती? नवखी माणसं इथेच भावनेच्या भरात वाहतात. त्यांना टाटा इस्टेट करावीशी वाटते. १९९२ साली आलेली, पुण्यात बनलेली, आपली म्हणावी अशी गाडी. चुकूनही करू नका. ती लोकांनी पाहिलेली असते. तुम्ही वर्षभर खपून ती उभी कराल आणि मिरजेचे मामा चष्मा कपाळावर सारून म्हणतील, "आमच्या सायबाकडं हुती की ही. मागची काच अशी न्हवती." झालं, वर्ष पाण्यात. ॲम्बॅसॅडरची इस्टेटही त्याच कारणाने बाद.

गाडी अशी निवडा की जिच्यात चूक काढायला जिल्ह्यात माणूस मिळू नये. ॲस्टन मार्टिन डीबी५ची शूटिंग ब्रेक, म्हणजे दोन दारांची इस्टेट, घ्या. कंपनीचे मालक डेव्हिड ब्राउन यांना कुत्र्यांसाठी आणि पोलोच्या सामानासाठी गाडीत जागा हवी होती, म्हणून १९६०च्या दशकात त्या देखण्या कूपेचं छप्पर मागे लांबवण्यात आलं. मालकाचं बघून गिऱ्हाइकांनाही हवीशी झाली आणि हॅरल्ड रॅडफर्डच्या कारखान्याने तशा मोजून १२ गाड्या बनवल्या. किंवा लिंक्स इव्हेंटर घ्या. जग्वार एक्सजेएसचं मागचं अंग कापून इंग्लंडमधल्या लिंक्सने १९८२पासून ही गाडी बनवली, तीही सगळ्या मिळून सत्तरीच्या आतच. खुद्द जग्वारने अशी एक्सजेएस कधी विकायला काढली नाही. जे जग्वारने केलं नाही ते तुम्ही विश्रामबागेत, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत करताय, हा विचार रात्री झोपताना फार सुख देतो. याउलट मर्सिडीजने १९७७ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मांडलेली डब्ल्यू१२३ची इस्टेट विचारातही घेऊ नका. ती कंपनीने स्वतःच काढली, भरपूर खपली, वर टिकलीसुद्धा. असल्या गाडीत काय राम?

हात बसला की सहाचाकीकडे वळा. फ्रान्समध्ये तिसिए नावाच्या गृहस्थाने सित्रोएन कंपनीची सीएक्स गाडी लांबवून, मागे जादा चाकं जोडून जी वाहनं केली, ती रात्रीच्या रात्री वर्तमानपत्रांचे गठ्ठे घेऊन भरधाव पळायची. हे शेजारच्या आप्पांना रंगवून सांगा. ते शांतपणे ऐकून घेतील.

"मंजे वडापच की."

"माणसं कोंबून नेणारं वडाप नव्हे हो आप्पा. ही लक्झरी गाडी. हिचं सस्पेन्शन तेलावर चालतं."

"आसंना का. हळदीची पोती किती बसत्यात?"

इथे तोल जाऊ देऊ नका. आप्पांनी एका वाक्यात इस्टेट गाडीचं सगळं शास्त्र सांगितलंय, हे त्यांना कळता कामा नये.

आता माप. १:४३ हेच धरा. खेळण्यातल्या रेल्वेच्या ओ गेजमध्ये फुटाला ७ मिलीमीटर हा हिशेब होता, त्यातून हा विचित्र आकडा आला. याचा फायदा असा की ५ मीटरहून लांब रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडो १२ सेंटीमीटरांत मावते. तोटा असा की खऱ्या गाडीच्या दाराची ४ मिलीमीटरची फट मॉडेलवर एक दशांश मिलीमीटरहूनही बारीक होते. ती तुम्ही सुईने कोरायची असते. बघणाऱ्याला ती दिसत नाही. पण चुकली तर तुम्हाला दिसते, आणि मग दुसरं काहीच दिसत नाही.

खरी गंमत छपरात आहे. चांगल्या सेडानचं किट घ्यायचं आणि पहिल्याच दिवशी करवतीने तिचं डोकं उडवायचं. घरच्यांनी हे पाहू नये. मग अर्ध्या मिलीमीटरच्या स्टायरीन प्लास्टिकच्या पट्ट्या कापून मागचे खांब उभे करायचे, त्यावर नवं छप्पर टेकवायचं आणि सांध्यात गॅरेजवाले भरतात तशी लांबी भरायची. वाळली की पाण्याचा पॉलिश पेपर, आधी ४००, मग ६००, मग १०००. बोट फिरवलं तर लोण्यासारखं लागतं. खूश होऊन राखाडी प्रायमर मारायचा. प्रायमर वाळतो आणि मघाशी नसलेले सगळे ओरखडे उजव्या खांबापाशी हात जोडून उभे राहतात. पुन्हा लांबी, पुन्हा पेपर. या घासण्यात जी भुकटी उडते ती, विशेषतः रेझिनची, फुप्फुसाला वाईट असते, मास्क लावा. या लेखात सरळ मनाने दिलेला सल्ला एवढाच.

काचा बसवायला सुपरग्लू वापरा. त्याची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी साय धरते. त्यामुळे आत दोन महिने खपून केलेलं कातडी सीटचं आणि लाकडी डॅशबोर्डचं काम कायमचं गुप्त राहतं. रंगकामाचा शेवटचा हात जुलैत काढा. हवेतल्या ओलाव्याने लॅकरवर धुरकट पांढरेपणा चढतो, आणि लोकांना सांगता येतं की हा रंग ठेवणीतला आहे, इंग्लंडात ढगाळ दिवशी गाडी अशीच दिसते.

किटच्या किमतीबद्दल घरात खोटं कधीही बोलू नका. "केवढ्याला पडलं?" असं सौ.ने विचारलं तर "पंच्याऐंशी" म्हणावं. चलन कुठलं हे आपण होऊन सांगायची आपल्याकडे रीत नाही. कस्टमची पावती मात्र कुरिअरवाल्यासमोरच गिळावी.

एक गाडी पुरी व्हायच्या आत सहा किटं मागवून ठेवा. पुरी झालेली गाडी म्हणजे चुकांची यादी. खोक्यात असते ती निर्दोष. कपाटाचा वरचा खण भरला की सौ.च्या पैठण्यांचा खण, मग पाहुण्यांच्या गाद्यांची जागा. दिवाळीला आलेले पाहुणे चटईवर झोपले तर त्यांना रॅडफर्डची गोष्ट सांगा, पाठ दुखायची थांबते.

शववाहिकेबद्दल दोन शब्द. रोल्स-रॉइसवर केलेल्या शववाहिका विलायतेत खरोखर वापरतात आणि कारागिरीच्या दृष्टीने त्यांच्यासारखं दुसरं काम नाही. चहूबाजूंनी काच, आत रुपेरी कठडे, छताची रेघ कुठेही न तुटणारी. अवश्य बनवा. फक्त शोकेसमध्ये सासूबाईंच्या पंचाहत्तरीच्या फोटोशेजारी ठेवू नका. त्यांनी "ही कसली गाडी, जावईबापू?" विचारलंच, तर "फुलांची" म्हणून सांगा. आणि पितृपक्षात ती रंगवायला काढू नका. एवढं आलिशान वाहन पाहून कावळे पानाला शिवायचे नाहीत, अशी शंका घरात एकदा निघाली की निघाली.

राहता राहिला पावसाळा. कोयनेतून विसर्ग वाढवला, कृष्णा चढायला लागली, की आयर्विन पुलाच्या पट्टीवर नजर ठेवा. ४० फूट इशारा पातळी, ४५ धोका. ४० ऐकलं की उठायचं आणि किटांची खोकी गच्चीवरच्या खोलीत न्यायला सुरुवात करायची. क्रम ठरलेला असावा: आधी लिंक्स, मग ॲस्टन, मग सहाचाकी, मग रंगाच्या बाटल्या आणि कॉम्प्रेसर. जिन्यात सौ. भेटतील. "अहो, गव्हाची पोती, फ्रिज, आईंच्या गोळ्या?" त्यांना धीर द्या. ते सगळं ४५ला.