पार्थिव अडकतं कुठे?

आखातात कुणी मराठी माणूस गेला की गावाकडे ठरलेली चर्चा सुरू होते. 'पार्थिव अडकलं' असा मथळा येतो, आमदार-खासदारांची पत्रं निघतात, परराष्ट्रमंत्र्यांना साकडं घातलं जातं. सरकारने चोवीस तासांत आणि फुकट देह घरी आणावा, ही मागणी. त्यामागे जीव तुटतो, हे खरं. पण संयुक्त अरब अमिरातीत हे काम जवळून पाहणाऱ्यांना ठाऊक असतं की देह विमानापाशी क्वचितच अडकतो. तो अडकतो सहीपाशी, आणि पुष्कळदा ती सही घरच्यांची असते.

दुबईचंच घ्या. रुग्णालयात मृत्यू झाला तर रुग्णालयच मृत्यूची सूचना देतं आणि कागद पुढे सरकतात. खोलीवर, साइटवर किंवा रस्त्यात झाला तर आधी 999 वर पोलीस, मग शवागार, मग न्यायवैद्यक डॉक्टरचा अहवाल. अपघात, आत्महत्या किंवा संशय असेल तर सरकारी अभियोक्त्यांची परवानगीही लागते. हा टप्पा कुणाच्या फोनने आखूड होत नाही आणि तो व्हावा असा आग्रहही धरू नये. पुढे विमा आणि नुकसानभरपाई याच अहवालावर ठरते. घाईने 'नैसर्गिक मृत्यू' लिहून घेतलेला कागद सहा महिन्यांनी विधवेच्या मुळावर येतो.

पोलिसांचं ना-हरकत पत्र मिळालं की आरोग्य विभागाचा मृत्यूचा दाखला. तो घेऊन भारतीय कॉन्सुलेट, म्हणजे वाणिज्य दूतावास: तिथे मृत्यूची नोंद होते, पासपोर्ट रद्द होतो आणि देह नेण्याचं ना-हरकत मिळतं. व्हिसा रद्द करायचा. मग एम्बामिंग, म्हणजे देह टिकावा म्हणून त्यात औषध भरणं, मग कार्गो. एकही कागद पुढचा मागे करता येत नाही.

इथे कुठे खोळंबा होतो ते सांगतो. पहिलं, नाव. अरबीत प नाही, ट नाही, त्यामुळे पोलिसांच्या अरबी कागदावर पाटील 'बातील' होतो आणि पवार 'बावार'. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, एमिरेट्स आयडी या इथल्या ओळखपत्रावर भलतीकडे, एखाद्याच्या पासपोर्टवर आडनावच नाही. दाखला हातात पडताच खिडकीपाशीच अक्षर न् अक्षर पासपोर्टशी ताडून बघा. तिथे दुरुस्ती करून घेणं सोपं असतं, देह गेल्यावर गावातून ती करून घेणं फार अवघड. दुसरं, वार. 2022 पासून इथे शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस. गुरुवारी संध्याकाळी गेलेल्या माणसाचे कागद सोमवारपर्यंत हलले नाहीत तर त्यात कुणाचा आकस नसतो. तातडीच्या अशा कामासाठी कॉन्सुलेट सुट्टीतही माणूस ठेवतं, फक्त 800 46342 या प्रवासी भारतीय सहायता केंद्राच्या क्रमांकावर विचारावं लागतं. अंकांच्या कळांवरची अक्षरं पाहिली तर शेवटचे पाच आकडे 'इंडिया' होतात, म्हणून तो लक्षात राहतो.

तिसरं आणि सगळ्यात मोठं कारण, घरचा निर्णय. कागद रक्ताच्या नातेवाइकाच्या किंवा त्याने मुखत्यारपत्र दिलेल्या माणसाच्या हाती जातात. बायको म्हणते घरी आणा, थोरला भाऊ म्हणतो तिथेच उरका, मेहुणा तिसऱ्याच एजंटाशी बोलतो. इकडे तीन जण तीन फाइली घेऊन उभे. घरच्यांनी पहिल्या दिवशी करायचं ते एवढंच: एक माणूस ठरवा, त्याच्या नावाने नोटरी केलेलं मुखत्यारपत्र करा, आणि विमानतळावर देह ताब्यात घेणाऱ्याचं नाव, ओळखपत्र, पत्ता, फोन एकाच संदेशात पाठवा. कार्गोच्या पावतीवर जे नाव असेल तेच ओळखपत्रावर हवं. हे झालं आणि पोलिसांची भानगड नसली तर दोन-तीन दिवसांत पेटी विमानात चढू शकते.

एम्बामिंग होतं दुबईतल्या मुहैसनात. त्या भागाला इथले सगळे सोनापूर म्हणतात. मरीन लाइन्सचं सोनापूर स्मशान माहीत असलेल्या मुंबईकराला हे नाव ऐकून क्षणभर थांबायला होतं. धमनीतून फॉर्मलिन सोडतात, म्हणजे देह काही दिवस टिकतो. सोबत धुतलेले कपडे आणि पांढरी चादर न्यावी. शेवटचं दर्शन, प्रार्थना, दोन फुलं हे तिथेच करून घ्यावं, कारण पुढे पेटी हवाबंद होते: लाकडी खोका, आत जस्ताचा पत्रा, कडा वितळलेल्या धातूने सांधलेल्या. मृत्यू उशिरा कळला असेल तर एम्बामिंग नीट लागत नाही. तसं असेल तर तिथला माणूस चेहरा दाखवू नका असं स्पष्ट सांगतो. ते ऐकावं, घरीही तसंच सांगावं.

भारतात उतरताना विमानतळ आरोग्य अधिकाऱ्याची मंजुरी लागते. ऑगस्ट 2023 पासून ती ई-केअर या आरोग्य मंत्रालयाच्या पोर्टलवर मिळते. मृत्यूचा दाखला, एम्बामिंगचं प्रमाणपत्र, कॉन्सुलेटचं ना-हरकत आणि रद्द पासपोर्ट चढवावे लागतात. विमान सुटण्याआधी हे झालं नाही तर पेटी मुंबईच्या कार्गोत ताटकळते. एप्रिल 2020 मध्ये, कोविडच्या टाळेबंदीत, तर अबू धाबीहून दिल्लीला पोहोचलेले तीन देह त्याच विमानाने परत पाठवले गेले होते. त्यानंतर गृह मंत्रालयाने कार्यपद्धती काढली. तेव्हा 'सरकारने काय केलं' हा प्रश्न शंभर टक्के बरोबर होता.

आता पैसे. कामगार नोकरीवर असेल तर देह पाठवण्याचा खर्च मालकाने करायचा असा इथला कायदा आहे. आधी कंपनीकडे लेखी मागा, वर्गणी नंतर काढा. मालक नसेल, व्हिजिट व्हिसावर आलेला असेल, घरची परिस्थिती खरंच हलाखीची असेल तर 2009 पासूनचा भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. तो अर्ज आणि ऐपत बघून मिळतो, आपोआप नाही. पासपोर्ट 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' गटातला, म्हणजे परदेशी नोकरीला जाताना सरकारी परवानगी लागणारा असेल तर 10 लाखांच्या प्रवासी भारतीय विमा योजनेचा कागद घरातल्या ट्रंकेत शोधा. दोन वर्षांचा हप्ता अवघा 275 रुपये आणि तीन वर्षांचा 375, म्हणून लोक तो भरतात आणि विसरतात. या विम्याचा अपघाती मृत्यूशी संबंध आहे, म्हणूनच वर पोलीस अहवालाचं एवढं सांगितलं.

विमानभाड्याची चीड मात्र रास्त होती. माणसाचा देह किलोवर तोलून भाडं लावणं ही लाज होती, आणि त्यासाठी मल्याळी संघटनांनी ओरड केली म्हणून जानेवारी 2019 मध्ये एअर इंडियाने अमिरातीतून वजनाऐवजी ठरावीक दर लावला: 12 वर्षांवरच्यांसाठी 1500 दिरहम, त्याखालच्यांसाठी 750. आपल्याकडच्या चर्चेने मागायचं तर हा नियम सगळ्याच विमान कंपन्यांना आणि सगळ्या देशांतून लागू व्हावा हे मागावं. दुसरं मागावं ते शेवटच्या टप्प्याचं. केरळात 1996 पासून नॉर्का हा परदेशस्थांचा स्वतंत्र विभाग आहे आणि तो विमानतळापासून घरापर्यंत मोफत रुग्णवाहिका देतो. मुंबई विमानतळ ते रत्नागिरी साधारण 340 किलोमीटर, मुंबई-गोवा महामार्गावर. रात्री पेटी सुटली की त्या घराला खासगी शववाहिका जो आकडा सांगेल तो द्यावा लागतो. ज्या जिल्ह्याची चाळी-घरं आखातातल्या पैशांनी उभी राहिली, त्याला एवढी सोय मिळायला हवी.

आणि एक गोष्ट गावाकडच्या मोठ्यांनी ऐकावी. देह घरी आणलाच पाहिजे, नाहीतर जन्माची बोच, हा दबाव तुम्ही त्या घरावर आणू नका. खेड-दापोलीकडची मुस्लिम कुटुंबं बरेचदा इथेच दफन पत्करतात, कारण दफनाला उशीर नको असा धर्माचा आग्रह आहे. दुबईतल्या जेबेल अलीला हिंदूंची स्मशानभूमी आहे. कुटुंबाचं संमतीपत्र आणि कॉन्सुलेटचं ना-हरकत असलं की तिथे विधी करता येतात. अस्थी सीलबंद कलशात, दहनाच्या आणि मृत्यूच्या दाखल्यासह, माणसाबरोबर विमानातून नेता येतात. दहाव्याला नाशिकला पोहोचायला त्या पुरेशा असतात. ज्या घरात म्हातारी आई आठ दिवस पेटीची वाट बघत अन्न सोडून बसते, तिथे हा पर्याय पहिल्या दिवशीच समोर ठेवायला हवा.

पेटी आणायचीच ठरली तर शववाहिकेच्या माणसाला आधी दोन गोष्टी सांगा. खोका साध्या स्ट्रेचरवर मावत नाही आणि देहासह शंभर किलोच्या वर भरतो, तेव्हा उचलायला सहा जण हवेत. आतला पत्रा कापायला पत्र्याची कात्री आणि जाड हातमोजे लागतात. पेटी अंगणात, वाऱ्याला उघडा, घरात नको. फॉर्मलिनचा वास डोळ्यांना झोंबतो. आणि मृत्यूचा मूळ दाखला पेटीसोबतच्या पाकिटात ठेवू नका. इथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा आणि कॉन्सुलेटचा शिक्का घेतलेल्या पाच-सहा प्रती करून त्या मुखत्यार माणसाकडेच राहू द्या. बँक, विमा आणि सातबारा या तिन्ही ठिकाणी त्याच मागतात.