आजारी पडा, पण नियमात बसून

'प्रत्येकाला आरोग्य विम्याचा हक्क हवा,' असं परवा कट्ट्यावर तुम्ही तावातावाने बोलत होतात. अहो, आहात कुठे? महात्मा फुले जन आरोग्य योजना पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही लागू करायचं सरकारने २०२३ सालीच ठरवलं. कुटुंबामागे वर्षाला पाच लाख. सत्तरी ओलांडलेल्यांना तर २०२४ पासून आयुष्मान भारतमध्ये उत्पन्नही विचारत नाहीत. म्हणजे हक्काचं झालं. आता तुम्ही तेवढे त्याच्या लायकीचे व्हा.

पहिलं काम, आधारवरचं आणि रेशनकार्डावरचं नाव जुळवून घ्या. धडधाकट आहात तोवरच घ्या. ही धावपळ आजारी माणसाला झेपणारी नाही. मग उपचारांची यादी पाठ करा आणि त्यातलंच काहीतरी होऊ द्या. साधा ताप आणू नका. बाह्यरुग्ण विभागात बसून तपासणी आणि गोळ्यांवर भागलं, तर तो खर्च तुमचा. पाहुणचार दाखल झालेल्यांसाठी असतो.

खाजगी पॉलिसी आहे म्हणता? मग तर शिस्त आणखी कडक हवी. मोतीबिंदू, हर्निया, गुडघे यांना बहुतेक पॉलिसींत पहिली दोन वर्षं मनाई असते, तसं त्यांना समजावून सांगा. आणि खोली निवडताना झाडाबिडाचा मोह आवरा. पाच लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याला एक टक्क्याची मर्यादा असेल, तर रोजचे पाच हजार झाले. तुम्ही खिडकीतून गुलमोहर दिसतो म्हणून दहा हजारांची खोली घेतलीत, तर वरचे पाच हजार भरून सुटाल असं वाटतं ना? छे! सर्जनची फी आणि ऑपरेशन थिएटरचं भाडंही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मंच मंजूर होतं. एवढा महाग गुलमोहर तुम्ही उभ्या जन्मात पाहिला नसेल.

डिस्चार्जच्या दिवशी मात्र उपास धरून जा. आमच्या आईचं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टर सकाळी दहाला 'आता घरी जा' म्हणाले. सिस्टरने हातातली सुई काढली. आईने साडी बदलली, चपला घातल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि एसटीची वाट पाहावी तशी पलंगाच्या कडेला बसून राहिली. दुपारी त्याच पलंगावरच्या पुढच्या पेशंटचे नातेवाईक दोनदा डोकावून गेले. मी दर अर्ध्या तासाने खाली टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या, खिडकीवर. 'मेल गेलाय' आणि 'मेल आलेला नाही' ही दोनच वाक्यं तिथल्या मुलाला येत असावीत.

हो, डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यायची असं विमा नियामकाने २०२४ मध्ये बजावलं आहे. पण ते तास हॉस्पिटलची विनंती पोचल्यापासून मोजायचे. ती वरच्या मजल्यावरून निघून खालच्या खिडकीपर्यंत कधी यावी, हे ज्याच्या त्याच्या प्रकृतीवर.

संध्याकाळी सातला मंजुरी आली. हातमोजे, टोप्या, थर्मामीटर वगळून. काढलेले खडे सिस्टरने एका छोट्या बाटलीत घालून आईच्या हातात दिले. बाटलीचे पंचवीस रुपये वेगळे, रोख.