टाकीखालची खुर्ची

काल रात्री आरतीनंतर सोसायटीच्या हॉलमध्ये बक्षीस समारंभ होता. रांगोळी, लिंबू-चमचा, संगीत खुर्ची, उकडीचे मोदक, सगळ्यांची बक्षिसं. उद्या विसर्जन, म्हणून कालच उरकून घेतलं. मी मागच्या रांगेत मोबाईलमध्ये डोकं घालून बसलो होतो आणि बातमी आली. डॅनियल लेव्ही गेला. आई शेजारीच होती, तिनं स्क्रीनवरचा टकला फोटो बघून ‘अरेरे, कधी?’ विचारलं. म्हटलं, तसा नाही गेला, लंडनच्या टॉटनहॅम फुटबॉल क्लबचं चेअरमनपद सोडलं. 2001 पासून होता. आई म्हणाली, ‘मग बरं झालं की, जरा घरी बसेल.’

क्लबच्या निवेदनात पायउतार झाला असं लिहिलंय. तिकडचे पेपर म्हणतायत की मालकांनी, म्हणजे लुईस कुटुंबानंच, नारळ दिला. काही का असेना, आमच्या ग्रुपवर दिवाळी सुरू झाली. (नाशकातले स्पर्सवाले, म्हणजे टॉटनहॅमवाले, आम्ही मोजून सहा. त्यातला एक पुण्याला गेला आणि एक लग्न झाल्यापासून नुसता अंगठा दाखवतो.) ‘पनवती गेली.’ ‘कंजूष मारवाडी गेला.’ ‘पेढे वाटा रे.’ एकानं तर फटाक्यांचा व्हिडिओ टाकला. आणि हे सगळे तेच, ज्यांच्या डीपीवर अजून त्या नव्या स्टेडियमचा फोटो आहे. लाज नाही वाटत? आणि ते ‘मारवाडी’ काय असतं रे? स्वतः मित्राला दिलेले दोनशे रुपये दर पंधरवड्याला आठवण करून मागतो आणि गप्पा बघा.

आधीच सांगतो, ग्रुपवाल्यांनो, मी काही लेव्हीचा भक्त नाही. पंधरा वर्षं मीच त्याला सगळ्यात जास्त शिव्या घातल्यात, साक्षीदार तुम्हीच आहात. बर्बाटोव्हमुळे मी या क्लबच्या नादी लागलो आणि दोन वर्षांत लेव्हीनं तो मँचेस्टर युनायटेडला विकला. मॉड्रिच विकला. बेल विकला. 2023 मध्ये हॅरी केन गेला, 280 गोल करून, एकही कप न उचलता, तेव्हा मी दोन दिवस कंपनीत कोणाशी धड बोललो नव्हतो.

पण काल ते पेढे-फटाके बघून मला आमच्या गच्चीवरची ती रात्र आठवली. तुम्हाला हा किस्सा माहीत आहे, तरी परत ऐका.

9 मे 2019, पहाट. ॲमस्टरडॅम, चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल. घरात बाबा झोपलेले, म्हणून मी हॉलमधली प्लॅस्टिकची खुर्ची उचलून गच्चीवर टाकीखाली बसलो होतो, तिथे रेंज चांगली येते. हाफटाइमला 0-2, दोन्ही मॅच मिळून 0-3. मोबाईल बंद करून खाली जावं असं तीनदा वाटलं. मग लुकास मोरा. एक, दोन, आणि 96 व्या मिनिटाला तिसरा, आणि परक्या मैदानावरच्या गोलांच्या नियमानं आम्ही पुढे. मी जो ओरडलो, तो गोविंदनगरच्या चौकापर्यंत गेला असणार. दोन मिनिटांत जिन्यातून बॅटरीचा झोत. बनियन-लेंग्यातले आमचे चेअरमनकाका.

‘काय झालं? टाकी फुटली का?’

काकांना तुमच्यातल्या दोघातिघांनी पाहिलंय. नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले. आयुष्यभर नोटा मोजल्या, त्यामुळे असेल, जे दिसेल ते मोजतात. एकोणीस वर्षं आमच्या सोसायटीचे चेअरमन. जिन्यातला दिवा साडेदहाला बंद म्हणजे बंद. हॉलच्या प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर लाल ऑइलपेंटनं नंबर, स्वतःच्या हातानं घातलेला. मला वाटलं आता कानाखाली येतेय. तर काका टाकीला हात लावून, खालून एकदा बघून, शांतपणे म्हणाले, ‘कुठे चाललीय मॅच?’

मी आनंदात काय वाटेल ते बडबडत सुटलो. की आमच्या क्लबनं वर्षभरात एक खेळाडू विकत घेतला नाही, 2018 च्या उन्हाळ्यात तर सगळ्या प्रीमियर लीगमध्ये असे आम्हीच, कारण सगळा पैसा नव्या स्टेडियमला, आणि ते गेल्याच महिन्यात सुरू झालंय, आणि तरी आम्ही फायनलला! काकांनी फायनल वगैरे काही ऐकलंच नाही.

‘खर्च किती आला?’

‘शंभर कोटी पौंड, काका.’

‘नव्वदनं धर. 9 हजार कोटी.’ क्षणभर थांबले. ‘कर्ज असणार. किती वर्षांचं?’

मला माहीत नव्हतं. माझ्याकडे असं बघितलं की दहावीत नापास झाल्यावर बाबांनीही बघितलं नव्हतं. (मी नापास झालो नव्हतो. पण झालो असतो तर.) जाताना म्हणाले, ‘चेअरमन हुशार दिसतो. आणि ती खुर्ची हॉलची आहे. सकाळी जागेवर ठेव.’

आता जरा त्या 9 हजार कोटींचं बोलू. 2001 मध्ये लेव्ही आला तेव्हा आपलं जुनं मैदान, व्हाइट हार्ट लेन, 36 हजारांचं. लंडनमध्ये आर्सेनल नव्या मैदानात गेलं, चेल्सीकडे रशियन पैसा आला, आणि आपण? आपण दहाव्या नंबरला मुक्काम ठोकलेला क्लब होतो, विसरलात का? त्यानं 2012 मध्ये एन्फिल्डला ट्रेनिंग सेंटर उभं केलं. मग जुनं मैदान पाडून त्याच जागी 62,850 लोकांचं स्टेडियम. एकाच उतारात साडेसतरा हजार माणसं बसतील असा साउथ स्टँड. फुटबॉलचं गवत तीन तुकडे होऊन त्या स्टँडखाली सरकतं आणि खालून अमेरिकन फुटबॉलचं मैदान निघतं. गाण्याचे जलसे काय, बॉक्सिंग काय. कोणी शेख आणला नाही, कुठल्या सरकारला क्लब विकला नाही. पुढे मी शोधून काढलं की त्यानं कर्जाचा मोठा भाग सरासरी 23 वर्षांच्या मुदतीवर नेला, व्याज 2.66 टक्के. हे मी जिन्यात काकांना सांगितलं तेव्हा हातात भाजीची पिशवी घेऊन ते तिथेच थांबले. ‘पावणेतीनच्या आत?’ डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. ‘आपण टाकीसाठी साडेतेरानं घेतलं होतं रे.’

ती टाकी. 2016 चा उन्हाळा आठवा, शहरात पाणीकपात, शेजारच्या बिल्डिंगा टँकर मागवत होत्या. काकांनी त्याच्या आदल्याच वर्षी दुसरी टाकी आणि खालचा हौद बांधून घेतला होता. सर्वसाधारण सभेत त्यांना चोर म्हणाले होते लोक. माझे बाबासुद्धा त्यात होते. दोन वर्षं मेंटेनन्स वाढवला म्हणून.

हो, ट्रॉफी दोनच. मान्य. 2008 चा लीग कप आणि यंदाची, 2025 ची, युरोपा लीग. चोवीस वर्षांत दोन म्हणजे थट्टाच आहे.

आणि हे मान्य केलं की मग माझंच डोकं फिरायला लागतं, थांबा. कारण त्यानं काही गोष्टी अशा केल्यात की स्टेडियम सोन्याचं बांधलं असतं तरी माफ करवत नाहीत. 2021 चा एप्रिल. रविवारी रात्री बड्या क्लबांच्या त्या भिकार फुटीर सुपर लीगवर सही, सोमवारी सकाळी कोच मोरिन्योला हाकललं, मंगळवारी सुपर लीगमधून माघार. आणि येत्या रविवारी वेम्ब्लीला लीग कपची फायनल होती! तेरा वर्षांनी कप उचलायची संधी, आणि सहा दिवस आधी कोच काढून एकोणतीस वर्षांच्या रायन मेसनच्या हातात टीम दिली. अरे, लग्नाच्या सहा दिवस आधी कोणी आचारी बदलतं का? हरलो, 1-0. त्याआधी 2007 मध्ये कोच मार्टिन योलला काढल्याची बातमी तर मॅच चालू असताना स्टेडियमभर पसरली होती. कोविडमध्ये साडेपाचशे कर्मचाऱ्यांचा वीस टक्के पगार कापायला निघाला, बोंबाबोंब झाल्यावर मागे घेतलं. आणि 2024 मध्ये ठरवलं, म्हाताऱ्यांच्या सीझन तिकिटावरची सवलत नव्यानं कोणाला द्यायची नाही म्हणे. साठ वर्षं येणारा आजोबा तुझ्या 9 हजार कोटींत बसत नाही का?

आणि कोच अँज पोस्टेकोग्लू. बिल्बाओतल्या युरोपा फायनलमध्ये मँचेस्टर युनायटेडला हरवून सतरा वर्षांचा उपवास सोडवला त्या माणसानं, आणि सोळाव्या दिवशी घरी. लीगमध्ये सतरावा आला, बावीस मॅच हरला, हेही खरंच आहे, पण सोळा दिवस? सुतकसुद्धा जास्त पाळतो आपण पेढे खाऊन. (हे वाक्य बरोबर नाही, कळतंय मला. राहू दे.)

तर मुद्दा. या जातीच्या माणसांना आनंद कसा करायचा ते कळत नाही. काकांचंही तेच. एकोणीस गणपती झाले, ढोल एकदा वाजला नाही. नाशिक ढोल, तो आख्ख्या जगात जातो, आमच्या गेटच्या आत आला नाही. खिरापत चमचाभर. पार्किंगमध्ये फुटबॉल खेळलो की बॉल जप्त, मीटररूममध्ये. मागच्या वर्षी नवं पॅनल निवडून आलं आणि काकांनी किल्ल्यांचा जुडगा दिला, प्रत्येक किल्लीला पुठ्ठ्याची चिठ्ठी, ‘मोटर’, ‘गच्ची’, ‘हॉल’. मीटररूम उघडली तर आत पोत्यात अकरा बॉल. प्रत्येकावर स्केचपेननं तारीख आणि फ्लॅट नंबर. चार माझे होते. एकातही हवा नव्हती. त्या दिवशी पोरं पोट धरून हसली, मीही हसलो. घरी आल्यावर मात्र तो 2006 चा बॉल हातात धरून बसलो होतो आणि मला कळेना की मला राग आलाय की काय झालंय. फेकूनही दिला असता त्यांनी. जपून ठेवला, आणि दिला मात्र नाही. तुम्हीच सांगा अशा माणसाचं करायचं काय.

या 22 मेच्या पहाटे, बिल्बाओच्या फायनलला, मी परत गच्चीवर होतो. ब्रेनन जॉन्सनचा तो धड पायाला न लागलेला गोल, मग दुसरा हाफ मी अर्धा डोळे मिटूनच ऐकला. शिट्टी वाजली तेव्हा ओरडलो, ॲमस्टरडॅमपेक्षा मोठ्यानं. कोणीच वर आलं नाही. वरून धो धो पाणी मात्र आलं, मोटर कोणी बंद केली नव्हती. कप जिंकला आणि मी टाकीखाली नखशिखान्त भिजलो, तुम्हाला सेल्फी पाठवला होता. तुम्ही म्हणालात, वा, शॅम्पेन! तेव्हा हसलो मी. पण तेव्हाही डोक्यात हेच होतं की बॅटरी घेऊन कोणी येत का नाहीये.

नवी कमिटी चांगली आहे. पोरं आपलीच आहेत, उत्साही आहेत, यंदा ढोल आहे, लायटिंग आहे, काल मोदकही दोन-दोन मिळाले. काल माईकवर आभार मानले. मंडपवाला, साउंडवाला, दूधवालासुद्धा. ज्या हॉलमध्ये उभं राहून मानले, तो बांधून घेणारा माणूस शेवटच्या रांगेत बसला होता. त्यांचं नाव घ्यायचं कोणाला सुचलं नाही. मुद्दाम टाळलं असतं तर मी भांडलो असतो. तसंही नव्हतं. आणि मीसुद्धा तेव्हा मोबाईलच बघत होतो.

तुमचे फटाके आले तेव्हा डोकं तापलं, खुर्ची उचलली आणि नेहमीसारखा गच्चीवर गेलो. तिथून तुम्हाला जे काय लिहिलं ते तुम्ही वाचलंत, त्यातल्या दोन शिव्या मागे घेतो, बाकी तशाच. अकरा वाजता खाली आलो तर हॉल रिकामा. पोरं ढोलाच्या सरावाला पळालेली. काका एकटेच खुर्च्या एकात एक घालत होते, ओठ हलत होते.

मी हात लावायला गेलो. म्हणाले, ‘राहू दे, मोजणी चुकेल.’

मग म्हणाले, ‘चौसष्ट. एक कमी आहे.’

माझं तोंड बघून त्यांना कळलंच.

‘टाकीखाली ना? जा, घेऊन ये. आज जिंकले का तुमचे?’

‘आज मॅच नव्हती, काका. चेअरमन गेला.’

‘तो पावणेतीनवाला?’ काकांनी हातातली खुर्ची खाली ठेवली. ‘कर्ज किती फिटलंय?’

मी खुर्ची आणायला वर गेलो.