चहा चांगला होता

रविवारी सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळ आली : 'कालचे आकाशदर्शन. काही दिसले नाही. चहा चांगला होता.' खाली १७ अंगठे. त्यातला एक माझ्या बायकोचा.

डोंबिवलीत लिफ्ट बंद असताना सहा इंची दुर्बीण सातव्या मजल्याच्या गच्चीवर नेणं म्हणजे काय, ते माझ्या कमरेला विचारा. पण ते जाऊ दे. चूक माझीच होती. शनी दाखवला असता तर लोक 'अय्या, खरंच कडं आहे!' म्हणून खूश होऊन खाली गेले असते. पण शनी काय, कुणीही दाखवतो. मला दाखवायची होती मीरा.

तिमिंगल तारकासमूहातली ही मीरा. (नाव सांगताच ए विंगमधल्या काकूंनी 'मीराबाईचा तारा का हो?' म्हणून हात जोडले. तो लॅटिन शब्द आहे, अर्थ आश्चर्यकारक, योहानेस हेवेलियस या खगोलशास्त्रज्ञाने १६६२ साली दिलाय, हे मी सांगेपर्यंत त्यांचा नमस्कार करून झाला होता.) ती फुगते, आकसते, पुन्हा फुगते. एका फेरीला साधारण ३३२ दिवस. ऐन भरात असली की नुसत्या डोळ्यांनी सहज दिसते आणि उतरली की साफ नाहीशी. सध्या ती उतरलेली आहे. हे मला माहीत होतं. किंबहुना गंमत तीच होती. निदान माझ्या डोक्यात तरी.

रांगेत पहिले होते ४०२चे काका. बँकेतून निवृत्त, कानटोपी, हातात स्वतःची बॅटरी.

"कुठाय?"

"तो मेंकार तारा दिसतोय ना, त्याच्या खाली जरा उजवीकडे."

"तिथे काही नाही."

"हो, सध्या दिसत नाही."

"मग आम्ही काय बघायचं?"

"ती जिथे आहे ती जागा."

काकांनी दुर्बिणीवरून डोळा काढला आणि बॅटरी माझ्या तोंडावर मारली. कर्जबुडव्याकडे बघावं तसं बघितलं.

"रिकामी जागा दाखवायला सात मजले चढवलंत?"

मी म्हटलं, काका, रिकामी नाही. दुर्बिणीत अगदी पुसट ठिपका असायला हवा, पण आपल्या गेटवरचा तो फ्लडलाइट वीस मिनिटं बंद केला तर. सेक्रेटरींना मी आठवडाभर आधी लेखी विनंती दिली होती. 'सीसीटीव्हीला उजेड लागतो,' असं उत्तर आलं. तो दिवा गेट सोडून सगळीकडे उजेड पाडतो. माझ्या बेडरूममध्ये, समोरच्या नाल्यात, आणि मुख्य म्हणजे वर. आमच्या सोसायटीत चोर कधी शिरला नाही. ढगांच्या पोटातूनही कुणी उतरल्याचं ऐकिवात नाही. तरी तिकडे बारा महिने पहारा आहे.

"ही कमी म्हणजे किती कमी होते?" काकांनी विचारलं.

"भरातल्या मानाने साधारण अडीचशेपट अंधूक."

"म्हणजे मिनिमम बॅलन्सच्या खाली."

"खाली नाही, मिनिममवर."

"दंड लागत नाही?"

मी समजावायला घेतलं. फुगली की तिचा पृष्ठभाग थंड होतो, मग वातावरणात टायटॅनियम ऑक्साइडचे रेणू धरतात आणि ते डोळ्यांना दिसणारा प्रकाश गिळतात. आतला दिवा विझलेला नसतो, कंदिलाच्या काचेवर काजळी धरावी तसं होतं. उपमा चांगली जमली म्हणून मी क्षणभर थांबलो. मागून कुणीतरी विचारलं, "चहा किती वाजता?"

इथे मला डाव्हिड फाब्रिशियसची फार आठवण झाली. उत्तर जर्मनीतल्या फ्रिसिया भागातला हा पाद्री. १५९६च्या ऑगस्टमध्ये एका ग्रहाची जागा मोजताना त्याला हा तारा दिसला. काही आठवड्यांत दिसेनासा झाला. आला आणि गेला, असं म्हणून त्याने विषय सोडला, तर १६०९ साली तोच तारा पुन्हा हजर. त्या मधल्या तेरा वर्षांत त्याने किती जणांना 'तिथे होता हो, शपथ' म्हणून सांगितलं असेल! हा फेरा अकरा महिन्यांचा आहे हे होलवार्डा या डच खगोलशास्त्रज्ञाने ओळखलं तेव्हा १६३८ साल उजाडलं होतं, आणि फाब्रिशियस त्याआधीच गेला होता. कसा गेला? त्याने प्रवचनातून एका गावकऱ्यावर हंस चोरल्याचा आळ घेतला आणि त्या गावकऱ्याने डोक्यात फावडं घातलं, असं सांगतात. आमच्या गच्चीवर टाकी साफ करायचं फावडं कोपऱ्यात उभं होतं. त्या रात्री माझं त्याच्याकडे दोनदा लक्ष गेलं.

"बरं," काका म्हणाले, "हिचं पुढे काय?"

हा प्रश्न मात्र त्यांनी मनापासून विचारला. मीही मनापासून उत्तर दिलं. म्हटलं, ही म्हातारी आहे. एकेकाळी आपल्या सूर्यासारखीच होती, आता इतकी फुगलीय की सूर्याच्या जागी ठेवली तर मंगळाच्या कक्षेच्या आसपास पोचेल. धडधडता धडधडता अंगावरचा वायू उधळत चाललीय. ताशी नव्हे हं, सेकंदाला १३० किलोमीटरने पळतेय, आणि मागे १३ प्रकाशवर्षं लांबीचं शेपूट आहे. २००७ साली अतिनील दुर्बिणीतून दिसलं. सगळं उधळून झालं की उरेल तो गाभा. आकार पृथ्वीएवढा, वजन सूर्याच्या निम्म्याच्या घरात. त्याला श्वेत बटू म्हणतात.

"उत्पन्न?"

"अं?"

"बटूचं उत्पन्न काय?"

"काही नाही. आतली भट्टी बंद. जी उष्णता साठलीय ती हळूहळू बाहेर जाते."

"म्हणजे व्याज."

"व्याज नाही काका, मुद्दलच."

काका गप्प झाले. कानटोपी नीट केली. "मुद्दल खाऊन किती दिवस निघतात?"

"अब्जावधी वर्षं."

"आमच्या बँकेत असं कुणाचं निघालं नाही," ते म्हणाले. मग लगेच सावरून, "हयातीचा दाखला?"

"कुणाचा?"

"हिचा. दिसत तर नाही. आहे कशावरून? मला दर नोव्हेंबरात अंगठा लावावा लागतो. मागच्या वेळी ठसा उमटेना, तर तो पोरगा मला म्हणतो, 'आजोबा, सिस्टिममध्ये तुम्ही दिसत नाही.' मी त्याच्या समोर उभा!"

मी चुकून खरं बोललो. म्हटलं, तसा दाखला जुनाच असतो. प्रकाश इथवर यायला साधारण तीनशे वर्षं लागतात, म्हणजे आपल्याला जे दिसतं ते थोरल्या बाजीरावाच्या काळातलं.

काका बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

"म्हणजे तुम्ही जे दाखवत नाही आहात, तेसुद्धा तीनशे वर्षांपूर्वीचं?"

रांग हसली. मोकळं, पोटभर हसली. मीपण हसलो, कारण दुसरं करणार काय. त्यानंतर बाकीच्यांनी दुर्बिणीला डोळा लावलाच नाही. मीराच्या शेजारी एक जोडीदार आहे, तो बहुधा आधीच बटू झालाय आणि हिने उधळलेला वायू गोळा करत फिरतो, हे सांगायचं राहून गेलं. ते सांगायला हवं होतं. दुसऱ्याचं सांडलेलं ओरपणारा शेजारी हा विषय आमच्या सोसायटीला लगेच कळला असता.

चहा आला आणि सगळे तिकडे वळले. सेक्रेटरी जाताना म्हणाले, "एक्स्टेन्शन बोर्ड जागेवर ठेवा." मी एकट्याने नळी, आरसा, स्टँड खाली आणला. तीन खेपा. फ्लडलाइटमुळे जिन्यात मात्र पाय घसरला नाही, एवढं कबूल करतो.

ती ओळ ४०२च्या काकांनी लिहिली होती. चहा ४०२च्या काकूंनी केला होता, तेव्हा तो चांगला असणारच. मी उत्तर टाइप केलं, फाब्रिशियससकट, आणि पुसलं. सोमवारी जिन्यात काका भेटले. "भरात आली की सांगा हो," म्हणाले, "पण आधी स्वतः बघून घ्या."

आणि दूध मी आणलं होतं. दोन लिटर. त्याबद्दल ग्रुपवर एक अक्षर नाही.